खांब हलेना, रेवू येईना

एक होतं शहर. शहरात होती एक गल्ली. गल्लीच्या टोकाला होती एक बाग. बागेत होतं करंजाचं झाड. आणि करंजाच्या ढोलीत राहायची एक खार. इवलीशी. अंग कमी आणि शेपूट जास्त. म्हणून तिचं नाव झुपकी.

झुपकीची एक मैत्रीण होती. तिचं नाव रेवू. रेवूला होती चाकांची खुर्ची. रेवू हातांनी चाकं फिरवायची आणि खुर्ची पळायची. खुळखुळ, खुळखुळ.

पण बागेला होत्या पायऱ्या. खुर्चीला पायऱ्या चढता येईनात. मग रेवू बाहेरच थांबायची, जाळीपाशी. सगळी मुलं आत. रेवू बाहेर. आई म्हणायची, चल घरी. रेवू म्हणायची, थांब ना थोडं.

कारण रोज संध्याकाळी झुपकी खाली उतरायची. तुरुतुरु, तुरुतुरु. रेवूच्या मुठीत भाजलेले शेंगदाणे असायचे. एक दाणा जाळीतून आत. एक दाणा रेवूच्या तोंडात.

"एक तुला, एक मला," रेवू म्हणायची.

कुडुम कुडुम. दोघी खायच्या. एक जाळीच्या अलीकडे, एक जाळीच्या पलीकडे.

मग एक दिवस महापालिकेची माणसं आली. म्हणाली, ही बाग जुनी झाली. आता नवी करायची. सगळ्यांना येता येईल अशी. चालणाऱ्यांना, पळणाऱ्यांना, काठीवाल्यांना, खुर्चीवाल्यांना.

बागेभोवती पत्रे लागले. धाड धाड. जुना झोपाळा गेला. तापणारी घसरगुंडी गेली. पायऱ्या फुटल्या. धूळच धूळ आणि आवाजच आवाज. बाकीच्या खारी कंटाळल्या. पलीकडच्या शाळेतल्या झाडांवर राहायला गेल्या. झुपकीला म्हणाल्या, चल गं. झुपकी गेली नाही.

का गेली नाही? एका पत्र्याला होतं भोक. भोकातून दाणा यायचा. आणि भोकातून रेवूचा आवाज यायचा.

"झुपके, नवी बाग झाली की मी आत येणार. मग झाडाखाली बसू. एक तुला, एक मला."

झुपकी वाट बघत राहिली. अख्ख्या झाडावर एकटी. वारा आला की शेपूट पांघरायची. वारा गेला की भोकाकडे बघायची. तिला मुळीच करमायचं नाही. पण वाट बघता बघता तिला वाट बघायला छान यायला लागलं.

आणि झाली की बाग नवी. पत्रे निघाले. पायऱ्या नाहीत, गुळगुळीत उतार. दगड नाहीत, रबराची मऊ मऊ जमीन. आणि एक झोपाळा असा, की खुर्चीसकट चढा आणि झुला.

रेवू आली. पिवळा फ्रॉक घालून, मुठीत दाणे घेऊन. उतारावरून खुर्ची चढली. सुर्रर्र. फाटकापाशी आली.

टण्ण.

फाटकाच्या मधोमध उभा होता एक खांब. लाल-पांढरा, लाल-पांढरा. रेवूने खुर्ची डावीकडे घेतली. टण्ण. उजवीकडे घेतली. टण्ण. आईने तिरकी करून बघितली. टण्ण टण्ण. खांबाच्या बाजूने मुलं पळत आत गेली. खुर्ची काही जाईना.

आई म्हणाली, तुला उचलून नेऊ का? रेवूने नाही म्हणून मान हलवली. तिला खुर्चीसकट आत जायचं होतं. इतके दिवस ती तेच ठरवून बसली होती.

तिने मूठ घट्ट मिटली. खुर्ची वळली. खुळखुळ, खुळखुळ. गेली. जाळीकडे तिने बघितलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी रेवू आली नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही आली नाही. बाग मुलांनी गच्च भरली. कुणी झुले, कुणी घसरे, कुणी ओरडे. झुपकी फांदीवर बसून सगळं बघायची. कुणी तिला हाक मारत नव्हतं. एवढ्या गर्दीत ती एकटी होती.

मग झुपकी उठली. शेपूट झटकली. आणि निघाली. टुणुक टुणुक, टुणुक टुणुक.

गेली खांबाकडे.

"खांबदादा, खांबदादा, जरा हल.
रेवू येईना,
मला बाई करमेना."

खांब उभा. ताठच्या ताठ. म्हणाला, माझे पाय सिमेंटमध्ये आहेत. हलू कसा?

"छे बाई. आधी चाचाला कापू दे, मग मी हलेन."

झुपकी निघाली. टुणुक टुणुक, टुणुक टुणुक.

गल्लीच्या कोपऱ्यावर होतं सिकंदरचाचाचं दुकान. चाचा काळा चष्मा लावून लोखंड कापत होता. घर्रर्र, घर्रर्र. ठिणग्याच ठिणग्या. झुपकी लांबच थांबली. शेपूट जळेल ना.

"चाचा, चाचा, खांब कापा.
खांब हलेना,
रेवू येईना,
मला बाई करमेना."

चाचाने चष्मा वर केला. म्हणाला, बेटा, खांब सरकारी आहे. मनाने कापला तर मला ओरडतील.

"छे बाई. आधी मुकादमाला सांगू दे, मग मी कापेन."

झुपकी निघाली. टुणुक टुणुक, टुणुक टुणुक.

बागेच्या कामावरचे मुकादमकाका घमेलं पालथं घालून त्यावर बसले होते. चहा पीत होते. फुर्र, फुर्र.

"मुकादमकाका, मुकादमकाका, चाचाला सांगा.
चाचा कापेना,
खांब हलेना,
रेवू येईना,
मला बाई करमेना."

मुकादमकाकांनी मिशी पुसली. म्हणाले, अगं, मी कोण सांगणारा? मॅडम म्हणतात उभा कर, मी उभा करतो. मॅडम म्हणतात काढ, मी काढतो.

"छे बाई. आधी मॅडमना मानू दे, मग मी सांगेन."

झुपकी निघाली. टुणुक टुणुक, टुणुक टुणुक.

पाखरे मॅडमच्या डोक्यावर होती पिवळी टोपी. टणक. बाग त्यांनीच केली होती. मऊ जमीन त्यांची, उतार त्यांचा, झोपाळा त्यांचा. आणि खांबही त्यांचाच. झुपकी त्यांच्या ऑफिसच्या खिडकीत चढली.

"मॅडम, मॅडम, जरा माना.
मुकादम सांगेना,
चाचा कापेना,
खांब हलेना,
रेवू येईना,
मला बाई करमेना."

मॅडम म्हणाल्या, खांब हवाच. खांब नसेल तर गाय आत शिरेल. एवढ्या हौसेने केलेल्या मऊ जमिनीवर शेणाचे पो टाकेल.

झुपकी म्हणाली, पण खुर्ची शिरत नाही.

मॅडमनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "अगं बाई," त्या हळूच म्हणाल्या, "मी गाईची रुंदी बघितली. खुर्चीची बघायची राहिलीच की."

त्यांना वाईट वाटलं. खूप वाटलं. पण गाय काही वाईट वाटून जाते थोडीच?

"छे बाई. आधी गाईला हटू दे, मग मी मानेन."

झुपकी निघाली. टुणुक टुणुक, टुणुक टुणुक.

गाय फाटकापाशीच होती. रोजच असायची. खांबाला गळा टेकून आत बघत राहायची. आत मुलांचं हात धुवायचं पाणी होतं. थेंब पडे, टप. गाय बघे. थेंब पडे, टप. गाय बघे.

"गाईमावशी, गाईमावशी, जरा हट.
मॅडम मानेनात,
मुकादम सांगेना,
चाचा कापेना,
खांब हलेना,
रेवू येईना,
मला बाई करमेना."

गाय म्हणाली, हम्मा. हा खांब गेला की मी आत घुसणार म्हणजे घुसणार. मला काय तुमचा झोपाळा खायचाय? मला तहान लागते. पूर्वी मी हौदावर प्यायची. आता हौद कोरडा आहे.

"छे बाई. आधी हौदाला भरू दे, मग मी हटेन."

झुपकी निघाली. टुणुक टुणुक, टुणुक टुणुक.

हौद रस्त्याच्या कडेला होता. जुना, दगडी. आत होती वाळकी पानं. पानांखाली होतं एक बाटलीचं झाकण. बाकी काही नाही. झुपकी काठावर बसली आणि बोलली. तिचाच आवाज घुमून परत आला.

"हौदआजोबा, हौदआजोबा, जरा भरा.
गाय हटेना,
मॅडम मानेनात,
मुकादम सांगेना,
चाचा कापेना,
खांब हलेना,
रेवू येईना,
मला बाई करमेना."

हौद म्हणाला, हूं. बाळ, मलाही करमत नाही. पाणी असलं की गाय येते, कावळा येतो, आभाळसुद्धा वाकून बघतं. कोरड्या हौदाकडे कोण येतं? तू आलीस, बरं वाटलं.

"पण छे बाई. आधी नळाला वाहू दे, मग मी भरेन."

झुपकी थोडा वेळ तिथेच बसली. मग निघाली. टुणुक टुणुक, टुणुक टुणुक.

नळ हौदाच्या वर होता. मान वाकडी करून उभा. तोंडाला कोळ्याचं जाळं. बोलायला गेला की नुसतंच फुस्स.

"नळभाऊ, नळभाऊ, जरा वाहा.
हौद भरेना,
गाय हटेना,
मॅडम मानेनात,
मुकादम सांगेना,
चाचा कापेना,
खांब हलेना,
रेवू येईना,
मला बाई करमेना."

नळ म्हणाला, फुस्स. पाणी माझ्या पोटात नसतं गं. जमिनीखाली असतं, पाइपात. सोपानकाका त्यांची लांब चावी फिरवतात, तेव्हा ते वर येतं. पण ते आता माझ्याकडे फिरकतच नाहीत. फुस्स.

"छे बाई. आधी चावीला फिरू दे, मग मी वाहेन."

झुपकी निघाली. टुणुक टुणुक... टुणुक. तिचे पाय दुखायला लागले होते. पण निघाली.

सोपानकाका होते पाणी सोडणारे. सायकलला बांधलेली असायची त्यांची चावी. लोखंडी. त्यांच्याहून उंच. या गल्लीत जायचं, जमिनीतलं झाकण उघडायचं, चावी आत घालायची आणि फिरवायची. किर्रर्र. की गल्लीत पाणी. मग पुढची गल्ली. असं अख्ख्या वस्तीभर.

"सोपानकाका, सोपानकाका, चावी फिरवा.
नळ वाहेना,
हौद भरेना,
गाय हटेना,
मॅडम मानेनात,
मुकादम सांगेना,
चाचा कापेना,
खांब हलेना,
रेवू येईना,
मला बाई करमेना."

सोपानकाकांनी सायकल भिंतीला टेकवली. म्हणाले, त्या नळाची चावी फिरवायची मी सोडून दिली. पूर्वी तिथे बायका कळश्या घेऊन उभ्या असायच्या. मला लांबून बघून म्हणायच्या, आले आले, सोपानकाका आले. आता घरोघरी टाक्या आहेत. नळावर कुणी नसतं. पाणी सोडायचं कुणासाठी? नुसतं वाया जायचं. आणि कुणी नसलं की तिथे जावंसंही वाटत नाही.

"छे बाई. आधी कुणाला तरी वाट बघू दे, भांडं घेऊन. मग मी चावी फिरवेन."

सोपानकाका सायकलवर बसले. गेले.

झुपकी रस्त्यात उभी राहिली. आता कुठे जायचं? कुणाला सांगायचं? पुढे कुणीच नव्हतं. तिचे डोळे भरून आले.

मग तिने डोळे पुसले. शेपटीनेच पुसले.

वाट बघायची? एवढंच ना?

ते तर तिला येत होतं.

शहाळेवाल्याच्या मागे पडली होती एक करवंटी. झुपकीने तिला डोकं लावलं आणि ढकललं. घरंगळ, घरंगळ. करवंटी पुढे, झुपकी मागे. घरंगळ, घरंगळ. करवंटी गटाराकडे निघाली, झुपकीने तिला वळवलं. करवंटी उताराला लागली, झुपकी तिच्यामागे धावली. अशी करत करत ती नळाखाली आली. झुपकीने करवंटी हौदाच्या काठावर चढवली आणि सरळ केली. शेजारी बसली. आणि वाट बघायला लागली.

ऊन उतरलं. झुपकी बसली होती.

बागेतली मुलं घरी गेली. कुणी आईचं बोट धरून, कुणी बाबांच्या खांद्यावर. झुपकी बसली होती.

गल्लीतले दिवे लागले. खिडक्यांतून भाकरीचा वास आला. घराघरांत माणसं बोलत होती. झुपकीशी बोलायला कुणी नव्हतं. तिने शेपूट पांघरली. एक पाय करवंटीवर ठेवला, वाऱ्याने जाऊ नये म्हणून.

दिवस मावळला. दिवस उगवला. झुपकी बसलीच होती.

लांबून आवाज आला. ट्रिंग ट्रिंग. सायकल आली. सायकलवर लांब चावी. सोपानकाका पुढच्या गल्लीत निघाले होते. त्यांनी नळाकडे बघितलंही नसतं.

पण कुणीतरी म्हणालं, "आले आले. सोपानकाका आले."

काकांनी ब्रेक दाबला. बघतात तर नळाखाली करवंटी. करवंटीपाशी खार. डोळे लाल, शेपूट विस्कटलेली.

"तू?" काका म्हणाले. "तू माझी वाट बघतेयस?"

झुपकीने मान डोलावली.

काका मग खाली उतरले. झाकण उघडलं. चावी आत घातली. किर्रर्र. घट्ट बसली होती. काकांनी जोर लावला. किर्रर्र, किर्रर्र.

चावी फिरली.

नळ म्हणाला, फुस्स. मग म्हणाला, फुस्स फुस्स. मग धो धो, धो धो. कोळी टुणकन बाजूला झाला.

चावी फिरली, नळ वाहिला.

आधी करवंटी भरली. मग पाणी हौदात सांडलं. खळखळ, खळखळ. पानं तरंगली. बाटलीचं झाकण तरंगलं. हौदात आभाळ आलं.

चावी फिरली, नळ वाहिला, हौद भरला.

गाईने कान टवकारले. मान वळवली. खांब सोडला आणि निघाली. घटाघटा, घटाघटा. पोटभर प्यायली. मग हौदापाशीच सावलीत बसली आणि डोळे मिटून रवंथ करायला लागली.

चावी फिरली, नळ वाहिला, हौद भरला, गाय हटली.

पाखरे मॅडम बाग बघायला आल्या. फाटकापाशी बघतात तर गाय नाही. हौदापाशी बघतात तर गाय आहे. त्यांनी खांबाकडे बघितलं. या वेळी खुर्ची आठवून बघितलं. म्हणाल्या, काढून टाका हा खांब.

चावी फिरली, नळ वाहिला, हौद भरला, गाय हटली, मॅडम मानल्या.

मुकादमकाकांनी चहा खाली ठेवला. कोपऱ्यावर जाऊन म्हणाले, चाचा, चला, मशीन घ्या.

चावी फिरली, नळ वाहिला, हौद भरला, गाय हटली, मॅडम मानल्या, मुकादम बोलला.

चाचा आला. काळा चष्मा खाली केला. घर्रर्र, घर्रर्र. ठिणग्याच ठिणग्या. खाली राहिलेला बुडखाही त्याने घासून घासून सपाट केला. हात फिरवून बघितला. चाक अडखळायला नको.

चावी फिरली, नळ वाहिला, हौद भरला, गाय हटली, मॅडम मानल्या, मुकादम बोलला, चाचाने कापला.

खांब आडवा झाला. धप्प. म्हणाला, हुश्श. उभं राहून राहून कंटाळलो होतो बुवा.

चावी फिरली, नळ वाहिला, हौद भरला, गाय हटली, मॅडम मानल्या, मुकादम बोलला, चाचाने कापला, खांब हलला.

मग? रेवू आली?

नाही आली.

संध्याकाळ झाली. मुलं आली. फाटक मोकळं होतं. झुपकी फाटकात बसून रस्त्याकडे बघत होती. खुळखुळ ऐकू येईल म्हणून कान देऊन होती. मुलं आली आणि मुलं गेली. रेवू आली नाही. खांब गेला, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. ज्याला त्याला वाटलं, दुसऱ्या कुणीतरी सांगितलं असेल.

झुपकीने खाली बघितलं. खांबावरून उडालेली रंगाची एक कपची पडली होती. अर्धी लाल, अर्धी पांढरी. झुपकीने ती तोंडात धरली आणि निघाली. टुणुक टुणुक, टुणुक टुणुक.

या भिंतीवरून त्या भिंतीवर. या खिडकीतून डोकव. तिथे एक आजोबा पेपर वाचत होते. त्या खिडकीतून डोकव. तिथे एक बाळ रडत होतं. पुढच्या खिडकीत दोरीवर वाळत होता एक पिवळा फ्रॉक.

आणि फ्रॉकच्या मागे होती रेवू. खुर्ची भिंतीकडे तोंड करून. ना रंगवत होती, ना खेळत होती. नुसती बसली होती. झुपकीला वाटलं, अगंबाई, हिलाही माझ्यासारखंच करमत नाही.

झुपकीने कपची खिडकीत ठेवली. टिक.

रेवूने मान वळवली. खार बघितली. कपची बघितली. खुर्ची वळवून खिडकीपाशी आली. कपची हातात घेतली. एकीकडे लाल, एकीकडे पांढरी. तिने ती उलटी केली, सुलटी केली.  झुपकीची शेपूट थरथरत होती.

मग रेवूने हाक मारली.

"आई, शेंगदाणे दे."

आई म्हणाली, आत्ता? रेवू म्हणाली, आत्ताच.

खुळखुळ, खुळखुळ. खुर्ची गल्लीतून निघाली. पुढे झुपकी, तुरुतुरु, तुरुतुरु. मधे खुर्ची. मागे आई, चपला घालता घालता. हौदापाशी गाईने एक डोळा उघडला आणि परत मिटला. उतार आला. सुर्रर्र. फाटक आलं.

रेवू थांबली. तिने चाकं घट्ट धरली. डोळे मिटले. आणि पुढे ढकललं.

टण्ण?

नाही. टण्ण झालंच नाही.

रेवूने डोळे उघडले. चाकांखाली मऊ मऊ जमीन होती. डोक्यावर करंजाचं झाड होतं. मागे फाटक होतं. जाळीही मागेच होती. इतके दिवस ती जाळीच्या बाहेरून हे झाड बघायची. जवळून ते केवढंतरी मोठं होतं.

झोपाळा बोलावत होता. चल म्हणत होता. रेवू म्हणाली, थांब, आधी एक काम आहे.

तिने मूठ उघडली. झुपकी जवळ आली. आणखी जवळ आली. आणि टुणकन रेवूच्या मांडीवर चढून बसली. आजवर तिला तिथे कधी चढता आलं नव्हतं.

"एक तुला," रेवू म्हणाली.

"एक मला."

कुडुम कुडुम. कुडुम कुडुम.

अलीकडे कुणी नाही. पलीकडे कुणी नाही. दोघी एकाच बाजूला.

झुपकी अजून करंजावरच राहते. पण रोज सकाळी ती नळाखाली जाऊन बसते बरं का. करवंटीपाशी. सोपानकाकांची वाट बघायला. वाट बघणारं कुणी असलं की सायकल जोरात येते, ट्रिंग ट्रिंग.

काकांनी चावी फिरवली, करवंटी भरली.

करवंटी भरली, आणि गोष्ट सरली.